घंटी कोणी दिली?

चिपळूणच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

एसटीत कंडक्टरने एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, घंटीवर विश्वास ठेवतो. पण तीच दोरी एखाद्या पोराने ओढली तर? आवाज तोच येतो. आज मी बोलणार आहे ते याच अडचणीबद्दल. दोरीच्या जागी फक्त रेडिओलहरी आहेत.

ताफ्याने धावणाऱ्या स्वयंचलित गाड्या सेकंदाला साधारण १० वेळा आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक लागलाय का, ते आसपासच्या गाड्यांना कळवतात. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. माणसाचा पाय ब्रेकवर पोचायलाच जवळजवळ तेवढा वेळ जातो. निरोप मिळालेली गाडी तोवर मंदावलेली असते. म्हणून या गाड्या इतक्या जवळून धावू शकतात, आणि म्हणूनच एक खोटा निरोप त्यांना एकमेकींवर आदळवू शकतो.

मग निरोप गुप्त का ठेवत नाहीत, असं मला हमखास विचारतात. पुढे ब्रेक लागलाय हे मागच्या अनोळखी गाडीलाही कळायलाच हवं ना! इथे गुप्ततेपेक्षा सही महत्त्वाची. प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असते, सोबत ती सही अधिकृत गाडीचीच आहे असं सांगणारा दाखला. मजकुरातला एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही. सहीत वेळही बांधलेली असते. त्यामुळे सकाळी परशुराम घाटात टिपलेला खरा निरोप संध्याकाळी कशेडीत पुन्हा सोडला, तर गाडी तो शिळा म्हणून टाकून देते.

पण रोज तोच दाखला वापरला, तर रस्त्याकडेला अँटेना लावून बसलेल्याला तुमचं येणं-जाणं कळेल. म्हणून अमेरिकेतल्या रचनेत गाडीला दर आठवड्याला २० निनावी दाखले मिळतात आणि ती ते आलटून पालटून वापरते. या सगळ्या रचनेतली हीच गोष्ट मला सर्वांत जास्त भावते. सुरक्षेच्या नावाखाली कुणावर पाळत ठेवायची नाही, हे आधीच ठरवून ठेवलंय.

आता खरी कठीण बाजू. दाखला खरा आणि बोलणं खोटं, असं होऊ शकतं. कुणी मुद्दाम करेल, कधी सेन्सरच बिघडेल. पाठवणारा अधिकृत आहे एवढंच सही पटवते, बोलण्याच्या खरेपणाची हमी देत नाही. शेजारची गाडी सांगते, 'मी ४० मीटरवर आहे', आणि आपल्या रडारला तिथे काहीच दिसत नाही, तेव्हा त्या निरोपावर विसंबायचं नाही. अशा तक्रारी जमल्या की तिचा दाखला रद्द होतो. कुणी लहरीच जाम केल्या तर सही काय करणार? तेव्हा निरोप थांबताच अंतर वाढवायचं, हे गाडीत आधीच भरलेलं हवं.

आपल्या घाटात हे जास्तच लागू पडतं. हे निरोप नेणाऱ्या ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरी डोंगर भेदून पलीकडे जात नाहीत. वळणापलीकडची गाडी वळणावर येईपर्यंत मुकीच. मोबाइलची रेंज गेली की रद्द दाखल्यांची नवी यादीही गाडीपर्यंत पोचत नाही. त्या मधल्या वेळात निरोप काहीही सांगो, अंतर कमी करायची परवानगी गाडीने स्वतःच्या रडार-कॅमेऱ्याकडूनच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.