सांदवाडीतले लव्हबर्ड घरात आणताना

नमस्कार मंडळी. माझ्या मागं हा जाळीचा मोठा पिंजरा दिसतोय ना, तो आता रिकामा आहे. तीन वर्षं या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, टिनाच्या छपराखाली माझे सहा लव्हबर्ड राहिले. आता ते घरात असतात. कारण आपल्या विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तोही सावलीतला. टिनाखाली काय होत असेल? गेल्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, माझी एक मादी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत होती. त्याच दुपारी ठरवलं, यांना आत घ्यायचं.

घाई केली आणि चुकलो. टॉवेलनं धरधरून सहाही जण एकाच पिंजऱ्यात कोंबले. संध्याकाळी पाहतो तर एका नराच्या बोटातून रक्त! बाहेर प्रत्येक जोडीचा आपापला कोपरा होता, इथं पळायला जागाच नव्हती. लव्हबर्ड आपल्या जागेसाठी भांडतो, आणि चावतो तो पायालाच. म्हणून एका पिंजऱ्यात एकच जोडी. पिंजरा निदान तीन फूट लांब हवा, कारण त्यांना आडवं उडायचं असतं. लाकडी घरटं आत ठेवू नका, त्यावरून भांडणं वाढतात.

बाजारात लांब शेपटीच्या छोट्या पक्ष्यालाही लव्हबर्डच म्हणतात. तो बजरीगार, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. लव्हबर्ड आफ्रिकेचा, शेपटी आखूड, चोच जाड. घरातल्या हवेबद्दल आता जे सांगतो, ते मात्र दोघांनाही लागू आहे.

आता मी कसं करतो ते बघा.

[पिंजऱ्याजवळ जाऊन]

घरात न्यायचा पिंजरा आधी या मोठ्या जाळीतच ठेवायचा, दार उघडं. राळा, बाजरी, पाणी सगळं त्यातच. भांडी जुनीच ठेवा, ओळखीची. आठ-दहा दिवसांत ते आपणहून आत-बाहेर करू लागतात. मग एका संध्याकाळी जोडी आत असताना दार लावायचं आणि पिंजरा उचलून न्यायचा. धरपकड नाही.

आणि नेऊन ठेवायचा कुठं, खरा प्रश्न हा आहे. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. श्वास आत घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा त्याच्या फुप्फुसातून ताजी हवा जाते. उडायला तेवढी ताकद लागते. पण त्यामुळेच हवेतलं विषही त्याला आपल्यापेक्षा फार लवकर बाधतं. त्याचं वजन किती? पन्नास ग्रॅमच्या आसपास. सांदवाडीत धूर वाऱ्यावर निघून जायचा, घरात तो कोंडतो. म्हणून स्वयंपाकघर नको. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या चुल्याचा धूर तर नकोच. आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. आपल्याला वासही येत नाही. आमच्याकडे आता लोखंडी तवाच आहे. पक्ष्यांच्या खोलीत मच्छर कॉइल आणि अगरबत्तीही बंद.

आणखी एक, आपल्या कापसाच्या भागातली गोष्ट. फवारणीचा पंप, औषधाचे डबे आपण घरात कुठं ठेवतो? बहुतेक वेळा त्याच मागच्या खोलीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. मग या पन्नास ग्रॅमच्या जिवाचं काय? पंप, डबे, फवारणीचे कपडे, सगळं घराबाहेर कुलपात ठेवा. पक्ष्यांसाठी करा, आणि घरातल्या लेकरांसाठीही.

कूलर चालेल, पण त्याचा झोत पिंजऱ्यावर नको. पंखा सुरू असताना त्यांना खोलीत सोडायचं नाही. खिडकीच्या काचेवर पडदा ओढा, नाहीतर उघडं समजून ते काचेवर आदळतात.

ऊन मात्र त्यांना लागतंच. काचेतून आलेला उजेड चालत नाही, ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण काच अडवते. मी सकाळी साडेसहाला पिंजरा ओसरीत आणतो. अर्ध्यावर ऊन, अर्ध्यावर सावली, आणि मी शेजारीच बसलेला. मांजर आणि शिक्रा दोघांचाही भरवसा नाही. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी, म्हणजे टीव्हीच्या खोलीत पिंजरा नको.

पहिले पंधरा दिवस रोज सकाळी, दाणे द्यायच्या आधी, छोट्या डिजिटल काट्यावर वजन करा. पक्षी आजार लपवतो, वजन लपवू शकत नाही. पन्नासचा पंचेचाळीसवर आला, तर पशुवैद्यकाकडे न्या, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

[ओसरीत, पिंजऱ्याजवळ]

ही बघा तीच मादी. पेरूची कोवळी फांदी दिली आहे, सालीच्या पट्ट्या काढून पाठीच्या पिसांत खोचते आहे. सांदवाडीत असताना दिवसभर तिचं हेच चालायचं. इथं आल्यावर बावीस दिवस तिनं फांदीला चोचही लावली नव्हती. आज सकाळी सुरू केलं.