डब्याचं झाकण, परात आणि स्टीव्ह गॅड

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, भांडी सिंकमध्ये पडली असतील. सगळी घासायला टाकू नका लगेच, आज त्यातली दोन लागणारेत. एक परात आणि एक स्टीलचा डबा, सैल झाकणाचा, पोह्याचा असतो ना तसा. आणि दोन चमचे. जवळ ठेवा, कशाला ते सांगतो थोड्या वेळाने.

आज ज्या माणसाबद्दल बोलणारे त्याला तुम्ही शंभर टक्के ऐकलेलं आहे आणि शंभर टक्के बघितलेलं नाहीये. नाव स्टीव्ह गॅड. गॅ-ड. ड्रमर. स्वतःचा बँड घेऊन मिरवणारा वगैरे नाही, तो बँड पुढे आला, ओळख सेशन ड्रमर म्हणून. म्हणजे काय, तर स्टुडिओतून फोन येतो, उद्या दहा वाजता ये, हा जातो, समोर कागद ठेवतात, वाजवतो, पैसे घेतो, घरी. सकाळी एखाद्या साबणाच्या जाहिरातीचं जिंगल, दुपारी कुणाचा तरी रॉक अल्बम, संध्याकाळी जॅझ. रेकॉर्डच्या पुढच्या बाजूला गायकाचा फोटो, आणि ह्याचं नाव मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात.

आणि ते मुंगीएवढं तरी होतं हो! आता ॲपवर गाणं लावा आणि ड्रम कोणी वाजवलेत ते शोधून दाखवा. आपल्याकडे तर ते मुंगीएवढंसुद्धा नसायचं. मुंबईत लॉर्ड घराणं होतं, पारशी, वडील कावस लॉर्ड, मुलं केरसी आणि बुर्जोर, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत तालवाद्यं म्हणून जे काही वाजलंय त्यात ह्या तिघांचे हात किती ठिकाणी आहेत, आणि तबकडीवर नाव? नाही. गायक, संगीतकार, गीतकार, संपलं. असो, ह्यावर मी सुरू झालो तर स्टीव्ह गॅड राहून जाईल.

तर गॅड. जन्म १९४५, अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर, शहर न्यूयॉर्क नव्हे, त्याच्यापासून बरंच लांब. काका सैन्यात ड्रम वाजवायचे, त्यांनी ह्याला लहानपणीच नादी लावलं. सात वर्षांचा असताना शिकवणी सुरू. आणि एक गंमत, हा टॅप डान्सर पण होता, बुटाला खालून पत्रा लावून टक-टक-टक नाचतात ना, ते. अकरा वर्षांचा असताना डिझी गिलेस्पी, जॅझमधला मोठा ट्रम्पेटवादक, त्याच्याबरोबर स्टेजवर वाजवलं, म्हणजे आपल्याकडे पाचवी-सहावीतल्या पोराला एखाद्या खाँसाहेबांनी साथीला बसवावं तसं. मग संगीताचं रीतसर कॉलेज, रॉचेस्टरचंच ईस्टमन. मग तीन वर्षं लष्कराच्या बँडमध्ये. लष्कराचा बँड, हे लक्षात ठेवा, पुन्हा सांगतो, लष्कराचा बँड, पुढे लागणारे. आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क शहर, तिथे स्टुडिओंची रांगच होती आणि काम मागायला आलेल्या ड्रमरांची त्याहून मोठी.

बरं. आता किस्सा. हा मी आधी पण सांगितलाय, ज्यांनी ऐकलाय त्यांनी चहा टाकून या, पण मला हा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९७५ साल. पॉल सायमन, अमेरिकन गायक, गाणी स्वतःच लिहिणारा, त्याचा अल्बम चाललाय, न्यूयॉर्कमध्ये. बरोबर फिल रामोन, निर्माता, कान असा की बास. बास वरून आठवलं, बेस गिटारवर टोनी लेव्हिन, जो ह्याच गॅडबरोबर ईस्टमनला होता, तेव्हापासूनची जोडी. तर गाणं आहे 'फिफ्टी वेज टू लीव्ह युवर लव्हर', प्रेमात अडकलेल्या माणसाला एक बाई सांगतेय की अरे सोडून जायचे पन्नास मार्ग आहेत, एवढं काय. कडवं एकदम हळू, कानात पुटपुटल्यासारखं, आणि ध्रुपद आलं की उसळी, जॅक, स्टॅन, रॉय अशी एकेकाची नावं घेऊन यमकं जुळवत पळतं. ध्रुपदाला काय वाजवायचं त्यात प्रश्न नव्हता, सरळ ठेका. प्रश्न कडव्याचा. पुटपुटणाऱ्या माणसाच्या मागे ड्रमने करायचं काय? जोरात वाजवलं तर गाणं मेलं, नुसतं टिक-टिक केलं तरी मेलं.

आणि गॅडला एक सवय. मधल्या वेळात, बाकीचे काहीतरी ठरवतायत, कोणी कॉफी पितंय, तेव्हा हा हात मोकळे ठेवायला स्वतःपुरतं काहीतरी वाजवत बसायचा. रियाज म्हणा. त्यात लष्करी बँडचे बोल, मार्चिंगचे, तुर्रर-तट-तट टाईप. तेव्हा तो एक विशिष्ट गोष्ट घोटत होता, हाय-हॅट डाव्या हाताने वाजवायची.

थांबा, हे सांगायलाच पाहिजे. हाय-हॅट म्हणजे त्या दोन झांजा, एकावर एक, स्टँडला लावलेल्या, पायाने उघडमीट होणाऱ्या. ती असते ड्रमरच्या डाव्या बाजूला. आणि बहुतेक ड्रमर ती वाजवतात उजव्या हाताने. म्हणजे उजवा हात डाव्यावरून आडवा टाकून, हाताची कात्री करून. मधला स्नेअर, म्हणजे पुढ्यातला छोटा ड्रम, तो डाव्याने. का? तशी पद्धत पडलीय. गॅड म्हणाला, म्हणजे म्हणाला नसेल पण केलं तसं, की डावीकडची वस्तू डाव्या हाताने, समोरची उजव्याने. कात्री सुटली. दोन्ही हात मोकळे. आता उजवा हात स्नेअरवर पाहिजे ते बोल काढू शकतो आणि डावा झांजेवर मधल्या जागा भरत राहतो, हलक्या, नखाने दार वाजवल्यासारख्या.

हे तो वाजवत बसलेला, स्वतःसाठी. आणि ते सायमनला आवडलं. हेच घालू कडव्यात! बस. एवढंच. कोणी रात्र-रात्र बसून रचलेलं नाही, हातांचा गृहपाठ होता तो, तो उचलून गाण्यात ठेवला. आणि ते गाणं फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं, तीन आठवडे तिथेच, सायमनचं एकट्याचं एक नंबरला गेलेलं तेवढं एकच गाणं. आणि आज जगात कुठेही ड्रमच्या क्लासला जा, पोरगं सहा महिन्यांनी सरांना विचारतं, सर तो फिफ्टी वेजवाला ठेका शिकवा ना.

मला हे कळलं कुठे, तर ठाण्याला, आमच्या जुन्या घरात, ओट्यापाशी. आमचा एक मित्र ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा, गणेशोत्सव, कोजागिरी, कंपन्यांची गॅदरिंगं, आठवड्याला चार शो, बोटांना कायम चिकटपट्टी. त्याच्याकडे ह्या गाण्याची कॅसेट, कोणाकडून तरी भरून आणलेली, सुरुवातीचा तुकडा ऐकून-ऐकून टेप एवढी ताणलेली की सायमन सर्दी झाल्यासारखा वाटायचा. मी म्हणलं मला समजाव हे काय आहे. ड्रम कुठे होते आमच्या घरात! त्याने पोह्याचा डबा रिकामा केला, पोहे ताटात, झाकण अर्धवट टेकवलं डब्यावर, ही म्हणे हाय-हॅट. परात पालथी घातली, हा स्नेअर. चमचे दिले. डावा हात झाकणावर, उजवा परातीवर.

आणि म्हणाला, आधी एवढंच कर. उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. पुन्हा सांगतो, घ्या तुम्ही पण चमचे, उजवा परातीवर, डावा झाकणावर. उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. ठण चिक ठण ठण, चिक ठण चिक चिक. ह्याला ते लोक पॅराडिडल म्हणतात. गाण्यातलं हुबेहूब हे नाहीये, ते पुष्कळ गुंतागुंतीचं आहे, मध्ये पायाने झांज उघडते, मध्ये स्नेअरवर काठी घसरवून तो तुर्रर येतो, पण त्याच खानदानातलं आहे. ठण चिक ठण ठण, चिक ठण चिक चिक.

जमेना हो मला. 'चिक चिक'ला आलो की उजवा हात आगाऊपणा करून परातीवर पडायचाच. दोन्ही हात एकाच वेळी आपटायचे, मग झाकण खाली, झाकणाचा तो गोल-गोल फिरत थांबण्याचा आवाज, पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास हे. कुकरची शिट्टी मध्येच, तिचा वेगळा ताल. शेवटी आई आली, ती म्हणाली पराती बडवायच्या असतील तर गणपतीत बडवा, मला भाकरी टाकायच्यात, आणि परात सरळ काढून घेतली. पुसली, पीठ घेतलं, आणि थापायला लागली. मित्राने मला कोपर मारलं, बघ म्हणे. आईचा उजवा हात थापतोय, थप-थप-थप, आणि डावा हात नुसता कडेला, बोटांनी भाकरी जरा-जरा फिरवतोय, कड सांभाळतोय. थापणं वेगळं, फिरवणं वेगळं, दोघांचा वेग वेगळा, आणि आई बोलतेय आमच्याशी, की दूधवाल्याचं बिल दिलंस का. माझा मित्र, चार शो करणारा माणूस, एकदम गंभीर होऊन म्हणाला, काकू, तुमचा डावा हात लय भारी आहे. आईला वाटलं चेष्टा करतोय. त्याला त्या दिवशी भाकरी मिळाली पण लोणी नाही मिळालं.

बरं आता तो लष्कराचा बँड, लक्षात ठेवा म्हणलं होतं. आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. ताशेवाला बघा. गळ्यात ताशा, हातात दोन काड्या, आणि त्याची ती तर्रर्र, ढोलाच्या वर तरंगणारी. लष्करी स्नेअर आणि ताशा, दोघांचं काम एकच, चालणाऱ्या माणसांना पाय उचलायला लावायचं. फरक असा की गॅडने हे रस्त्यावरचं, दणदणीत, ते उचललं आणि पुटपुटणाऱ्या गाण्याच्या खाली ठेवलं, आवाज एवढा कमी करून की मिरवणूक शेजारच्या गल्लीतून चाललीय असं वाटावं. ताशाचं असं कोणी केलंय का आपल्याकडे? करा की कोणीतरी. आपण काय करतो, चांगला ताशेवाला असतो आणि त्याच्या मागे डीजेची भिंत लावतो, खिडक्यांच्या काचा थरथरतात, ताशा ऐकूच येत नाही. पोलिसांनी डेसिबल मोजायच्या आधी मंडळांनीच ताशेवाल्याला विचारावं, तुला तुझं ऐकू येतंय का. माझं मत आहे, पटलं तर घ्या.

वेळ बघतोय मी, संपत आला, आणि अजून निम्मा गॅड शिल्लक. भराभर सांगतो. १९७५ सालचंच 'द हसल', ते डिस्कोचं, पार्टीत वाजतं ते, त्यात ड्रम हाच. पुटपुटणारं गाणं पण हाच, डिस्को पण हाच. १९७७ ला स्टीली डॅन नावाच्या मंडळींचा 'एजा' अल्बम, ही दोघं इतकी चिकट की एकेका गाण्याला ड्रमर बदलून-बदलून बघायची, त्यातल्या 'एजा' ह्याच नावाच्या आठ मिनिटांच्या गाण्यात वेन शॉर्टर सॅक्सोफोन वाजवतोय आणि त्याच्याखाली गॅड अक्षरशः वादळ, रॉकच्या रेकॉर्डवर जॅझ ड्रमरसारखा सुटलाय. कडव्याला जो माणूस नखाने दार वाजवतो तोच इथे दार तोडतो. पियानोवाला चिक कोरिया, त्याच्याबरोबर जॅझचे किती अल्बम. १९७९ च्या डिसेंबरात टोकियोच्या एका क्लबात 'स्टेप्स' बँडबरोबर, सॅक्सोफोनवर मायकेल ब्रेकर वगैरे, त्याचं रेकॉर्डिंग निघालंय, मिळालं तर सोडू नका. १९८० ला पुन्हा सायमन, 'लेट इन द इव्हनिंग', त्यात हा दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवतो, चार काठ्या! एकट्याने चौघांचा आवाज काढायचा म्हणून. मग एरिक क्लॅप्टन, जेम्स टेलर, दोघं गिटार घेऊन गाणारे, त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं दौरे. आणि स्वतःच्या नावाच्या बँडला ग्रॅमी मिळालं ते २०१९ साली. ७३ वर्षांचा होता.

आणि ह्या सगळ्याला पुरस्काराच्या भाषणांत म्हणतात 'व्हर्सटाइल', अष्टपैलू. मला तो शब्द आवडत नाही, आपल्याकडे ज्याला एक काही नीट येत नाही त्याला पण अष्टपैलू म्हणतात. गॅडला आठ गोष्टी येतात असं नाहीये, त्याला समोरचा गातोय ते ऐकू येतं. डिस्कोत त्याला नाचणारे पाय ऐकू येतात, सायमनच्या कडव्यात ती बाई हळू बोलतेय ते ऐकू येतं. हात तेच. काठ्या त्याच. मी हे पुन्हा सांगतो कारण क्लासला जाणारी पोरं ऐकत असतील, हात तेच, ऐकणं वेगळं.

आता लावतो गाणं. सुरुवातीला दुसरं काही नाहीये, गिटार नाही, गाणं नाही, नुसता गॅड एकटा, म्हणजे आयतं तुमच्यासाठीच. झाकण अर्धवट टेकवलंत ना डब्यावर? घट्ट नको, वाजणार नाही. डावा झाकणावर, उजवा परातीवर. शेजारच्यांनी दार वाजवलं तर आवाज थोडा कमी करा, पण थांबू नका. हं, लावतोय.