काळे कपडे, पण साधे नव्हेत! रेम्ब्रांटच्या एका जोडप्याची श्रीमंती

नमस्कार मंडळी! हे जोडपं बघा. मार्टेन सोल्मान्स आणि ओप्येन कॉपिट. साल १६३४, गाव अ‍ॅमस्टरडॅम. चित्रकार रेम्ब्रांट, तेव्हा तिशीही न गाठलेला. दोघांची दोन वेगळी चित्रं, पण जोडीनं.

दोघंही काळ्या कपड्यांत. वाटतं, किती साधी राहणी! इथेच आपण फसतो. कापडावर गडद काळा रंग चढवणं त्या काळी फार जिकिरीचं होतं. आधी निळीत बुडवायचं, मग त्यावर दुसरे रंग, अशी पुन्हा पुन्हा रंगाई. जितका काळा गडद, तितका खर्च जास्त. आणि जरा झूम करू या. ओप्येनच्या झग्यावर काळ्यावर काळीच नक्षी आहे. दुरून दिसतसुद्धा नाही. ज्याला कापडातलं कळतं, त्यालाच ती कळावी!

आता मार्टेनचे बूट. त्यावरची ही लेसची फुलं पाहिलीत? अख्खा बूट झाकला जाईल एवढी मोठी. गुडघ्याखालच्या पट्ट्यांनाही लेस, गळ्यालाही लेस. त्या वेळी लेस म्हणजे सगळं हातकाम. असे बूट घालून कुणी चिखल तुडवत नाही, आणि नेमकं तेच मार्टेनला सांगायचंय. ओप्येनच्या हातात शहामृगाच्या पिसांचा पंखा आहे, गळ्यात मोती.

पण मला विचाराल तर खरी ऐट आहे चित्रांच्या आकारात. प्रत्येक चित्र दोन मीटरहून उंच, माणूस डोक्यापासून पायापर्यंत उभा. असं चित्र राजेरजवाडे काढून घेत. मार्टेन मात्र एका साखर कारखानदाराचा मुलगा. वडील अँटवर्पहून निर्वासित म्हणून आलेले.

अ‍ॅमस्टरडॅमच्या कारखान्यांत शुद्ध होणारी कच्ची साखर मोठ्या प्रमाणावर ब्राझीलहून यायची, आणि तिथला ऊस पिकवत होते आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम. या लेसमागचा पैसा तिथून आलाय, हे चित्रात कुठेच दिसत नाही. मला ते फार खटकतं. २०२१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयानं गुलामगिरीवरच्या प्रदर्शनात ही गोष्ट उघडपणे मांडली, ते उत्तम झालं.

२०१६ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सनं मिळून ही जोडी १६ कोटी युरोंना घेतली. दोन्ही चित्रं कायम एकत्रच ठेवतात, कधी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, कधी अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. त्यामुळे बघायला जाणार असाल, तर सध्या ती कुठे आहेत ते आधी वेबसाइटवर बघून घ्या.