शेवटच्या क्रमांकाचा संघ: १९३० च्या फिलीज आणि अर्ध्या कार्डाचा हिशोब

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय, ‘१९३० च्या फिलीजना ६० सामने कसे जिंकून द्यावेत’. त्याकडे येतोच. खेळ आपला ठाऊकच: कार्डं आणि फाशांवर खेळायचं बेसबॉल, ज्यात प्रत्येक खेळाडूच्या एका मोसमाच्या खऱ्या आकड्यांवरून त्याचं कार्ड बनतं. पण मॅनेजर कितीही हुशार असला तरी हातातली कार्डं चुकीची असतील तर त्याची हुशारी फुकट जाते. आणि घरी बनवलेल्या कार्डांवर चालणाऱ्या निम्म्या लीगमध्ये ती चुकीची असतात. तेव्हा आधी कार्डं.

संघ कुठला ते तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेच्या नॅशनल लीगमधले फिलाडेल्फिया फिलीज, १९३०. अख्ख्या संघाची फलंदाजीची सरासरी ०.३१५. ५२ विजय, १०२ पराभव, आठ संघांत आठवे. ९४४ धावा केल्या आणि १,१९९ दिल्या. पिचरांचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा) ६.७१. लेस स्वीटलंड ७.७१, क्लॉड विलोबी ७.५९ आणि विलोबीचे ४ विजय, १७ पराभव. हसू नका, त्यालाच चेंडू द्यायचाय तुम्हाला, दर पाचव्या दिवशी.

त्यांचं मैदान बेकर बोल. उजवी बाजू जेमतेम २८० फुटांवर आणि तिथे पत्र्याची उंचच उंच भिंत. त्या भिंतीवर एक भलीमोठी जाहिरात होती, ‘फिलीज लाइफबॉय वापरतात’. होय, आपल्या न्हाणीघरातला तोच लाल साबण. असं सांगतात, की एका रात्री कोणीतरी खाली रंगवून गेलं, ‘आणि तरीही घाण ती घाणच’. खरंखोटं भिंतीला ठाऊक, आणि भिंत पाडून जमाना झाला. पण ही भिंत लक्षात ठेवा, तिचं काम आहे.

आता त्यांचा फलंदाज चक क्लाइन. ६४८ अ‍ॅट-बॅट (वॉक सोडून फलंदाजीच्या पाळ्या), २५० हिट (बेस मिळवून देणारे फटके), ५९ डबल, ४० होम रन, सरासरी ०.३८६. नवा माणूस कार्ड बनवायला बसतो तेव्हा काय करतो? ०.३८६ घेतो आणि फाशांच्या शक्यतांत वाटून मोकळा होतो. इथेच घात होतो. तीन फाशांच्या या खेळात पांढरा फासा रकाना ठरवतो. १ ते ३ आले तर बॅटरचं कार्ड, ४ ते ६ आले तर पिचरचं. म्हणजे निम्म्या वेळा क्लाइनचं कार्ड कोणी वाचतच नाही! समोर सरासरी पिचर असेल तर ती निम्मी फळं लीगच्या सरासरीने येणार. १९३० च्या नॅशनल लीगची सरासरी होती ०.३०३. कार्डावर ०.३८६ छापलंत, तर मोसमाअखेर क्लाइन ०.३४५ वर उभा असतो आणि मालक फाशांना शिव्या देतो. फाशांचा काय दोष? बेरीज करून दोनाने भागा, तेच उत्तर येतं.

म्हणून दुप्पट करा आणि लीगची सरासरी वजा करा. हे अ‍ॅट-बॅटवर करू नका, कारण कार्डावरून वॉकही (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) निघतात. अ‍ॅट-बॅट अधिक वॉक घ्या. क्लाइनचे ६४८ अधिक ५४, झाले ७०२. दोन फाशांच्या बेरजेच्या ३६ शक्यता, तीन रकाने, म्हणजे एका कार्डावर १०८ आणि दोन्ही कार्डं मिळून २१६. २५० भागिले ७०२ गुणिले २१६, म्हणजे ७७ हिट. लीगमध्ये या मापाने साधारण २८ टक्के हिट, म्हणजे सरासरी पिचरच्या कार्डावर ३०. ७७ मधून ३० गेले, क्लाइनच्या कार्डावर हवेत ४७. सरळ छापणारा ३८ किंवा ३९ देतो. आठ-नऊ शक्यता गिळल्या की त्याने!

आणि आता गंमत बघा. हीच चूक पिचरांवर केली की ते सुधारतात. फिलीजच्या पिचरांविरुद्ध समोरच्यांची सरासरी होती ०.३४६. ती जशीच्या तशी छापली की प्रत्यक्षात ०.३२५ च्या आसपास निघते. म्हणजे क्लाइन लंगडा झाला आणि विलोबी धडधाकट. संघ मधोमध सरकतो, विजयांचा आकडा फारसा बिघडलेला दिसत नाही, आणि कार्ड बनवणारा म्हणतो, ‘बघा, बरोबर आलं!’ दोन चुका एकमेकींना झाकत बसल्यात, आणि याला तो अचूकता म्हणतो. हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो आणि प्रत्येक वेळी मागच्या रांगेतून कोणीतरी नवीन कार्डांचा गठ्ठा घेऊन येतं, सरळ छापलेला.

दुसरा दुहेरी हिशोब क्षेत्ररक्षणाचा. पिचरच्या कार्डावरच्या १०८ मधल्या ३० शक्यता X खुणेच्या. तिथे चेंडू क्षेत्ररक्षकाकडे जातो आणि त्याच्या रेटिंगवर फळ ठरतं. शॉर्टस्टॉप ७, सेकंड बेस ६, थर्ड बेस, सेंटर फील्ड आणि कॅचर प्रत्येकी ३, बाकी चौघे २-२. या संघाने २३९ एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका केल्या होत्या. वाईट रेटिंगचा माणूस X वर हिट देतो, आणि त्या हिट पिचरच्या खऱ्या आकड्यांत आधीच मोजलेल्या असतात. त्या वजा न करता पिचरचं कार्ड भरलंत, तर बिचाऱ्या स्वीटलंडला एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा.

आता ती भिंत. क्लाइन त्या वर्षी घरी ०.४३९, बाहेर ०.३३२. होम रनचं गणित वरच्यासारखंच. ४० वरून २१६ मध्ये १२.३ येतात, लीगचे २ वजा केले की कार्डावर १०.३. हे सगळे पक्के होम रन म्हणून छापले आणि वर बेकर बोलचा मैदान-आकडाही (तिथे होम रन किती सोपा, ते सांगणारा) लावला, तर तो पन्नाशी ओलांडेल. म्हणून निम्मे पक्के आणि बाकीचे हिऱ्याच्या खुणेवर. हिरा आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मैदानाच्या आकड्याइतका किंवा कमी आला तर होम रन, नाहीतर झेल. समजा, डावखुऱ्यांसाठी घरचा आकडा १८ आणि बाहेरची सरासरी ८ धरली, तर हिरा १३/२० वेळा लागतो. ६ पक्के ठेवले तर उरलेल्या ४.३ साठी साडेसहा हिरे हवेत. अर्ध्या शक्यतेसाठी त्याच ओळीवर १ ते १० आणि ११ ते २० अशी फोड.

क्लाइनचे राइट फील्डमधून ४४ असिस्ट, म्हणजे त्याच्या फेकीवर बाद झालेले रनर! कार्ड बनवणारे लगेच त्याला सर्वोत्तम आर्म (फेकीचं रेटिंग) देतात. अहो, भिंत पाठीला लागलेली, हिटांचा पाऊस, रनर सतत बेसवर. इतक्या जवळून इतक्या संधी मिळाल्यावर असिस्ट होणारच. आर्म चांगली द्या, देवाची देऊ नका.

आणि पिचर ग्रोवर क्लीव्हलंड अलेक्झांडर. १९११ मध्ये याच क्लबात पहिल्या मोसमात २८ विजय, १९३० मध्ये परत आला तो ० विजय, ३ पराभव, ईआरए ९.१४. आयुष्यातले विजय ३७३. ते नाव बघून त्याला उभं करू नका. कार्ड माणसाचं नसतं, सालाचं असतं...

संयोजक घड्याळ दाखवतायत. बरं, बरं. ६० विजय, पाच मिनिटांत.

केलेल्या आणि दिलेल्या धावांचे वर्ग घेऊन प्रमाण काढा, याच संघाचे १५४ सामन्यांत सुमारे ५९ विजय निघतात. म्हणजे सातेक विजय नशिबात आणि व्यवस्थापनात सांडलेत, तेवढेच उचलायचे. फिल कॉलिन्स तुमचा एकमेव पिचर: १६-११, ४.७८, २३९ इनिंग. तुमच्या लीगची मर्यादा खऱ्या इनिंगच्या ११० टक्के असेल तर २६२ पर्यंत ताणा. शक्यतो बाहेरच्या मैदानांवर, कारण जिथे धावा कमी तिथे वाचवलेली धाव जास्त मोलाची. बेकर बोलमध्ये विलोबी. तिथे तसंही कोणत्याही पिचरचं वाटोळं होतं.

रिलीफचे, म्हणजे मधूनच येणारे खास पिचर तेव्हा फारसे नव्हते. मोकळ्या दिवशी बहुधा स्टार्टरच (सामना सुरू करणारे पिचर) येत. त्यामुळे थकव्याचा आकडा येण्याआधी बदलायचं तर दुसऱ्या दिवशीचा माणूस जातो. सहा धावांनी मागे असाल तर बदलूच नका, मार खाऊ द्या.

बंट (रनर पुढे सरकावा म्हणून चेंडू नुसता टेकवणं) बंद. सामन्याला सहा धावा करणारा संघ एक आउट देऊन एक बेस घेतो, हा तोट्याचा धंदा. इनफील्ड पुढे आणू नका, X वरच्या हिट वाढतील. चांगला हात शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसवर, कारण ३० पैकी १३ शक्यता तिथे. लेफ्टी ओ’डूल लेफ्ट फील्डमध्ये धडपडला तरी त्याच्याकडे दोनच जातात. त्याचे ०.३८३ शेवटच्या इनिंगमध्येही बाहेर बसवू नका, तुमच्या हातातली आघाडी तीन धावांची असली तरी ती आघाडी नव्हे.

१९६८ च्या संघांशी मिश्र लीगमध्ये खेळायचं असेल तर क्लाइनला आधी ०.३०३ ने भागून १९६८ च्या लीग सरासरीने, ०.२४३ ने गुणा, ०.३१० येईल, मगच दुप्पट करा. त्या सालच्या पिचर बॉब गिब्सनचं काय करायचं, ते चहाच्या वेळी विचारा.