पोटरी उडते, जीभ थरथरते
(गुहागर येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी हात वर करून सांगा, इथे कितीजणांची पापणी कधी ना कधी लवली आहे? बघा, सगळेच. आणि पापणी लवली म्हणून दवाखाना गाठलाय कुणी? एकही हात नाही. कारण आजीने लहानपणीच सांगून ठेवलंय, पुरुषाचा उजवा डोळा लवला की चांगलं, बाईचा डावा. शकुनावर माझा विश्वास नाही. पण पापणी लवते ती सगळ्यांचीच, एवढं तरी त्यामुळे घरोघरी ठाऊक असतं. पोटरीबद्दल असं कुणी सांगून ठेवलेलं नाही. ती रात्री दोन वाजता उडायला लागली की माणूस मोबाइलला विचारतो, आणि मोबाइल थेट मोटर न्यूरॉन डिसीज समोर ठेवतो. स्टीफन हॉकिंगना होता तो आजार, स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात आणि हातापायांची, वाचेचीही ताकद जाते.

पत्रिकेत विषय 'स्नायूंचे विकार' असा छापलाय, त्याकडे येतोच. आधी एका मुलाबद्दल बोलू द्या. त्याची परवानगी आहे, नाव सांगत नाही.

पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी, पावसाळ्यात घरून काम करायला गावी आलेला. रात्रपाळी, चार-पाच कप चहा, झोप अर्धवट. एका रात्री पोटरी उडायला लागली. पोटरीवरून दंडावर, दंडावरून अंगठ्यावर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने मोबाइलचा टॉर्च लावून आरशात जीभ बघितली, आणि ती थरथरत होती! कडेला खाचा होत्या. झालं. मग पठ्ठ्याने स्वतःच्या परीक्षाच सुरू केल्या. चवड्यांवर उभं राहायचं, बाटलीचं झाकण घट्ट लावून परत उघडायचं. आणि वाचा जातेय का हे बघायला 'कच्चा पापड पक्का पापड' म्हणायचं. एकदा नाही, सलग पन्नास वेळा, मोबाइलवर रेकॉर्ड करून, कालच्याशी ताडून. आता सांगा, पन्नास वेळा कच्चा पापड म्हटल्यावर कुणाची जीभ अडखळणार नाही? त्याची अडखळली, की तो हबकायचा. आई स्वयंपाकघरातून ऐकायची. तिला वाटायचं, पोराला कुणाची तरी नजर लागली. आजीने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. दोघींना मी दोष देणार नाही, निदान त्या त्याच्या सोबत जाग्या तरी होत्या.

माझा राग आहे तो पुढच्या भागावर. मुलगा शहरात एका मोठ्या डॉक्टरांकडे गेला. सकाळी नंबर लावला, दुपारी आत गेला. आत दोन मिनिटं. डॉक्टरांनी त्याची जीभ बघितलीच नाही. "काही नाही, टेन्शन घेऊ नका, ईएमजी करून घ्या." ईएमजी म्हणजे स्नायूत बारीक सुई टोचून त्यातले विजेचे संकेत तपासणं. आता हे कसलं सांगणं? काही नाही तर सुया कशाला, आणि सुया टोचायच्या तर काही नाही कसं? मुलगा हुशार, त्याने नेमकी हीच फट पकडली. ईएमजी चांगला आला. आठवडाभर शांत झोपला. मग मनात आलं, सुई उजव्या पायाला टोचली, उडतो तर डावा. दुसरे डॉक्टर, दुसरा ईएमजी. आंब्याच्या हंगामात वडिलांनी गाठीला बांधलेले पैसे तपासण्यांत गेले.

मंडळी, चांगला रिपोर्ट हा या भीतीवर उतारा ठरत नाही. दर रिपोर्टचा दिलासा आधीच्यापेक्षा लवकर ओसरतो. हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय, आणि आज इथे उभा राहिलो तो हे सांगण्यासाठी.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला खिडकीशी बसवलं. तोंड उघड, जीभ बाहेर काढू नकोस, खाली नुसती पडू दे. आम्ही दोघं गप्प बसलो. हळूहळू जीभ निवांत झाली. मग म्हटलं, आता बाहेर काढ आणि धरून ठेव. थरथरली. मग त्याच्या आईला तेच करायला लावलं. माउलीने लाजत पदराआडून जीभ काढली, तीही थरथरली. ताणून बाहेर धरलेली जीभ कुणाचीही थरथरते, म्हणून ती तपासायची असते तोंडात विसावलेली. कडेच्या खाचा दातांच्या. याला पाच मिनिटं लागली. "डॉक्टरकाका, हे आधी कुणी का नाही केलं?" असं त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

चिठ्ठी आलीये. धोपाव्याहून दाभोळची फेरीबोट गाठायचीये काहींना. तर पत्रिकेतला विषय भरभर सांगतो.

स्नायू उडतो तो बहुधा त्याच्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूचं टोक आपोआप चेतवलं जातं म्हणून. चहा-कॉफी, जागरण, अतिश्रम, चिंता, कधी थायरॉइड. मोटर न्यूरॉन डिसीज वर्षाला लाखात साधारण एक-दोघांना नव्याने होतो, बहुतेकदा पन्नाशीनंतर. त्यात मुख्य गोष्ट असते ताकद जाणं: शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते, स्नायू झडतो, आणि हे वाढत जातं. असं काही असेल तर जरूर दाखवा. नुसतं उडणं, ताकद शाबूत, डॉक्टरांनी हात लावून तपासलेलं, तर ते निरुपद्रवी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1993 साली अशा 121 जणांचा अभ्यास छापला. दोन ते बत्तीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं, एकालाही तो आजार झाला नाही. आणि ही भीती डॉक्टरांनाच कशी ग्रासते, यावर 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनी लिहिलंय. तेव्हा घाबरणाऱ्याला अडाणी म्हणू नका.

जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे उमटतात, जागा बदलतात, तेही निरुपद्रवी. आग होते, जीभ गुळगुळीत लाल दिसते, मुंग्या येतात, तर बी-12 तपासा. पण मिश्री लावणाऱ्या, तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असलं तर थांबू नका. माझ्याकडे पोटरी घेऊन तरुण येतात, आणि चट्टा घेऊन यायला हवी ती काकी चुलीपुढे मिश्री भाजत बसलेली असते.

या भीतीवर उपचार आहे. संज्ञानात्मक वर्तन उपचार म्हणतात त्याला, म्हणजे बोलून, सराव करून भीतीचे विचार आणि सवयी बदलणं, गरज पडली तर गोळ्याही असतात. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी फोन, फुकट, मराठीत बोलतात. त्या मुलाने आरसा आणि रेकॉर्डिंग सोडलं, एकदम नाही, रोज थोडं थोडं. आईशी ठरलं, त्याने "बघ ना माझी जीभ" म्हटलं की तिने बघायचं नाही, त्याला घेऊन समुद्रावर फिरायला जायचं. पहिल्या आठवड्यात तो तिच्यावर चिडायचा. पोटरी त्याची अजून उडते. परवा सांगत होता, उडाली होती, पण कधी थांबली ते कळलं नाही.

बोटीवाल्यांनी निघा. बाकीच्यांनी प्रश्न विचारा.