मऊ असण्याची अडचण

उजेड पाडून मेंदूतल्या हव्या त्याच पेशी चालवायच्या, अशी ही कल्पना. पण मेंदूतल्या पेशींना उजेड कळत नाही. मग त्यांच्यावर उजेड पाडून उपयोग काय? याचं उत्तर शेवाळात सापडलं. क्लॅमिडोमोनास नावाचं एकपेशीय हिरवं शेवाळ उजेडाचा माग काढत पोहतं. त्याच्याकडे चॅनेलऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. निळा उजेड पडला की पेशीच्या आवरणातलं हे दार उघडतं आणि विद्युतभारित कण आत शिरतात. एडवर्ड बॉयडन, कार्ल डायसरॉथ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिलं, की याचं जनुक चेतापेशीत घातलं तर ती पेशीही उजेडाच्या तालावर संदेश पाठवू लागते.

विजेनं हे होत नाही का, असं मला नेहमी विचारतात. होतं की! पण विजेचा धक्का शेजारपाजारच्या सगळ्या पेशींना बसतो. इथे ज्या जातीच्या पेशीत जनुक, तिलाच उजेड कळतो.

आता खरी पंचाईत. निळा उजेड मेंदूत फार आत जात नाही. मिलिमीटरभरात विखरून जवळजवळ संपतो. म्हणून उजेडच आत न्यावा लागतो. सुरुवातीला उंदरांच्या डोक्यात काचेचा तंतू बसवत, साधारण २०० मायक्रॉन जाडीचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). काम झालं, पण काच मेंदूच्या कोट्यवधी पट ताठ. शिवाय मेंदू स्थिर नसतो. प्रत्येक ठोक्याला, प्रत्येक श्वासाला तो किंचित हलतो. तंतू कवटीला घट्ट, मेंदू हलता. मग आतल्या आत घासाघीस होते. चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी त्या परक्या वस्तूभोवती व्रणाची भिंत बांधतात. वरून तो उंदीर तारेला बांधलेला! अशा उंदराचं वागणं ‘नैसर्गिक’ म्हणून मोजायचं, हे मला कधीच पटलं नाही.

तर मग मऊ पदार्थ वापरा, एवढं सोपं आहे का? इथे लोक पदार्थाच्या नावात अडकतात, पॉलिइमाइडसारखं प्लास्टिक की सिलिकोनसारखं रबर. खरी किमया जाडीत आहे. पट्टीची जाडी दहापट कमी केली की ती वाकवायला लागणारा जोर हजारपट कमी होतो. म्हणून कडक पदार्थसुद्धा पुरेसा पातळ केला की लवतो.

पण लवचीक पट्टी मेंदूत घालायची कशी? भिजलेला कागद लोण्यात खुपसून बघा, दुमडून वरच राहील. २०१३ साली जॉन रॉजर्स आणि मायकेल ब्रुकास या संशोधकांच्या गटांनी काढलेली तोड मला फार आवडते. त्यांनी ५० मायक्रॉन लांबी-रुंदीचे एलईडी पातळ पट्टीवर बसवले आणि ती पट्टी एका बारीक सुईला रेशमातल्या प्रथिनानं चिकटवली. सुई ताठ, त्यामुळे ती नीट आत गेली. आतल्या ओलाव्यात रेशमाचा डिंक विरघळला. मग सुई अलगद काढून घेतली. पट्टी आतच राहिली, मऊच्या मऊ. वीज बिनतारी पोचवायची, म्हणजे उंदीर मोकळा.

आता दिवाच आत आहे म्हटल्यावर त्याची उष्णताही आतच. एक-दोन अंश तापमान वाढलं तरी पेशींचं वागणं बदलतं आणि परिणाम उजेडाचा की उबेचा, हे कळेनासं होतं. त्यामुळे एलईडी सलग न पेटवता काही मिलिसेकंदांचे झोत देतात, आणि जनुक न घातलेल्या उंदरांवर तोच प्रयोग करून पाहतात.

माणसाचं काय? २०२१ साली अंधत्व आलेल्या एका रुग्णाला या मार्गानं थोडी दृष्टी परत मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. पण तिथे जनुक डोळ्यात होतं आणि उजेड खास चष्म्यातून येत होता. मेंदूत काहीच बसवलेलं नव्हतं. मेंदूत बसवलेलं उपकरण वर्षानुवर्षं टिकायला हवं, आणि तिथे गाठ पाण्याशी आहे. मऊ पॉलिमरमधून, म्हणजे प्लास्टिक-रबरासारख्या पदार्थांमधून, वाफ हळूहळू झिरपते, खारट ओलावा धातूपर्यंत पोचतो आणि दिवा विझतो. त्यावर चांगला ठरलेला एक उपाय म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडचा थर, मायक्रॉनहूनही पातळ. म्हणजे पुन्हा काचच. फक्त या वेळी वाकणारी.