परसातली चौपाखी

माइक चालू आहे ना? मागच्या बाकावर येतोय आवाज? बरं.

मी आयुष्यभर लाइनमन, खांबावर चढून तारा ओढल्या, भाषण कधी दिलं नाही, त्यामुळे मधेच गाडी कुठे भरकटली तर हात वर करा. मी परसात बांधलेली चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतार असलेल्या छपराचा उघडा मांडव, वाचनालयाच्या मंडळींनी बघितली आणि म्हणाले हे कसं केलंत ते या सगळ्यांना सांगा, म्हणून आलो. रिसॉर्टवाले त्याला गझिबो म्हणतात, आमच्या घरात नातवंडं 'आजोबांची छत्री' म्हणतात, आणि शेजारचे आबा पहिल्या दिवशी कुंपणावरून वाकून म्हणाले, "काय रे, ह्या काय बांधतंस, कोंबड्यांचो खुराडो?" तेव्हा नुसते चार खड्डे होते हो तिथे.

तर पहिली गोष्ट आकार. मला मोबाइलवर बघून षटकोनी करायची हौस आली होती. जमिनीवर आखायला षटकोन सोपा, मधे खुंटी ठोकायची, पाच फुटांची दोरी बांधून गोल फिरवायचा आणि त्याच दोरीच्या मापाने गोलावर खुणा करत गेलं की बरोब्बर सहा खुणा पडतात. मी खूश. मग वरचं चित्र काढायला बसलो तेव्हा कळलं की सहा गोल बांबू एका टोकाला येऊन मिळणार, ते कापून एकमेकांत बसवायचे, आणि हे एकट्या माणसाने शिडीवर उभं राहून. सोडून दिलं. दहा बाय दहाचा चौरस घेतला आणि वर चार पाखी, म्हणजे चार उतार. खांब चारच, आणि कोपऱ्यांतून वरच्या टोकाला जाणारे वासे, म्हणजे कोनवासे, तेही चारच. चौपाखी छपराला वारा कुठूनही आला तरी समोर उतारच मिळतो, दोनपाखी घराची त्रिकोणी भिंत असते तशी सपाट बाजू मिळत नाही.

चौरस काटकोनात आणायला गवंड्याच्या गुण्याची गरज नाही, तीन-चार-पाच करा, एका बाजूला तीन फुटावर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटावर, दोन्ही खुणांमधलं अंतर पाच आलं की काटकोन झाला. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. माझ्या कर्णांत पहिल्यांदा अडीच इंचांचा फरक आला, आणि म्हटलं राहू दे, अडीच इंच कोण बघतंय. मग रात्री झोप येईना, सकाळी उठून खुंट्या परत ठोकल्या. लेव्हलला पारदर्शक नळीत पाणी भरलं, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, तो सगळं खोटं सांगतो.

आता बांबू. आपल्याकडचा माणगा घ्या. त्याला काटे नाहीत, आणि आतून जवळजवळ भरीव. आपल्या कोकण-गोव्याच्या, कारवारच्या पट्ट्यातलं हे स्वतःचं झाड, बाहेरून काय आणायची गरज नाही. झाड म्हटलं खरं, पण कायद्यात २०१७ पासून बांबू झाड राहिलेला नाही, वन कायद्याच्या व्याख्येतून तो काढला, त्यामुळे आपल्या मालकीच्या जागेतला तोडायचा तर पूर्वीसारखी भानगड नाही. जंगलातला मात्र जंगल खात्याचाच, तिकडे कोयती नेऊ नका.

तोडायचा तो तीन वर्षांपुढचा. कोवळ्या बांबूवर पांढरी पूड असते, पेरांना, म्हणजे गाठींना, साली चिकटलेल्या असतात, जुना झाला की अंगावर बुरशीचे ठिपके येतात. कोयतीच्या पाठीने वाजवून बघा, कोवळा ठबठब करतो, पक्का खणखणतो. आणि तोडायचा थंडीत. पावसाळ्यात नवे कोंब येत असतात, बेटाला इजा होते. आणि पक्का झालेला बांबू थंडीत कोरडा असतो, अंगात साखर-पिष्ट कमी, तेच तर बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला हवं असतं. जुनी माणसं अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची, मी अवस बघितली नाही, थंडी बघितली. हे दोन तुकडे आणलेत, हा एप्रिलमध्ये तोडलेला, नुसता टेबलावर आपटला तरी पीठ पडतं बघा. हा जानेवारीतला. फिरवा मागपर्यंत, पण परत आणून द्या.

लोक सांगतात बोरॅक्स आणि बोरिक पावडरच्या पाण्यात भिजवा. चांगलं आहे ते, पण मी हिशोब मांडला. वीस फुटाचे बांबू झोपवायला वीस फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट खोल चर लागणार, त्यात साडेआठशे लिटर पाणी मावणार, पाच टक्क्यांनी म्हटलं तर बेचाळीस किलो पावडर. आणि उघड्यावर पाऊस लागला की ती हळूहळू धुऊन जाते. म्हणून मी आज्याची पद्धत घेतली, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, दगडाखाली तीन आठवडे बुडवून ठेवले. अंगातलं गोड पाणी निघून जातं. वास मात्र असा सुटतो की घरात कोणी जवळ बसू देत नाही. मग सावलीत उभे करून सुकवायचे, उन्हात टाकले तर फाटतात.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी मी आलोय. बांबूला पायात वहाणा आणि डोक्यावर इरलं लागतं, ही दोन नसतील तर बाकीचं सगळं वाया. खांब मातीत पुरला की वाळवी दोन पावसांत खाते. आम्ही विजेचा खांब पुरायचो तो लांबीच्या सहाव्या हिश्शाने जमिनीत, पण तो लोखंडाचा किंवा सिमेंटचा, बांबूला तो नियम लावू नका. प्रत्येक कोपऱ्यात दीड बाय दीड फूट, दोन फूट खोल खड्डा, त्यात काँक्रीट, आणि काँक्रीटमध्ये लोखंडी पट्टीच्या दोन उभ्या जिभा, त्यांच्यामध्ये खांब बसवायचा आणि आरपार बोल्ट. खांबाचा तळ जमिनीपासून चार बोटं वर, खाली जांभ्याचा तुकडा. मी आधी सळई उभी करून तिच्यावर बांबू बसवायचा प्लॅन केला होता, पोकळ बांबूत ते जमतं, माणग्यात सळई जाईचना. भरीव आहे हे तोंडाने सांगत होतो आणि हाताने विसरलो.

खड्डा एवढा मोठा का, तर आबांनाही हाच प्रश्न पडला होता. वजन पेलायला लागत नाही एवढं. वारा छप्पर दाबत नाही हो, उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला लागूनच गेलं, त्या दिवसांत ज्यांनी लाइनवर काम केलं त्यांना विचारा, छप्परं खाली कोसळली कमी आणि उडून दुसऱ्याच्या अंगणात पडली जास्त. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला जवळपास ६८ किलो येतो. माझं छप्पर वळचणीसकट चौदा बाय चौदा फूट, म्हणजे अठरा चौरस मीटर. त्यातला निम्मा दाब जरी वर उचलायला लागला तरी सहाशे किलो. चार खड्ड्यांतलं काँक्रीट प्रत्येकी तीनशे किलो, म्हणजे बाराशे. झोप लागते आता.

पण नुसतं वजन असून काय, जोडणी सुटली तर वजन जमिनीत आणि छप्पर आकाशात. म्हणून खिळा मारायचा नाही, खिळ्याने माणगा चिरतो. ड्रिलने भोक, पेराजवळ, आणि त्यात थ्रेडेड रॉड, दोन्हीकडे वायसर. त्यावर काथ्याचं सुंभ भिजवून आवळायचं, भिजलेलं सुंभ नीट वळतं. आणि जिथे बांबूचं टोक वर बघतं तिथे पेराच्या लगेच वर कापा, नाहीतर त्या वाटीत पावसाचं पाणी साचतं. डासही होतात.

चारही खांब उभे केले, वर तुळया बांधल्या, हात लावला तर सगळं जुन्या खाटेसारखं डुगडुगतंय. प्रत्येक खांबाला दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू दिले, असे आठ, मग शांत झालं. लाइनला ताण देतो तसंच ते, फक्त तारेऐवजी बांबू.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. झापांचं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचं, छप्पर उभं हवं, निदान पंचेचाळीस अंश, नाहीतर पाणी वाहून जायच्या आत आत मुरतं. खांब धरले साडेसात फूट, माझी उंची साडेपाच, म्हटलं भरपूर झाले. वळचण दोन फूट बाहेर काढायची हे ठरवलेलं. पंचेचाळीस अंशाला दोन फूट बाहेर म्हणजे दोन फूट खाली, हे मात्र डोक्यात आलं नाही. वळचण आली साडेपाच फुटांवर. पहिला मी आपटलो, मग जावई, मग आबा, आणि आबांनी खुराड्याचा विषय परत काढला. पट्ट्यांचे बोल्ट सोडून खाली जांभ्याचा अर्धा फूट चढवला आणि नव्या लांब पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. तुम्ही सरळ आठ फूट घ्या. कोनवासा बारा फूट आणि वर थोडा येतो, वीस फुटाच्या बांबूत बसतो.

कौलं का नाही घातली असं बरेच जण विचारतात, कारण स्लॅब टाकलेल्या प्रत्येक घरामागे मंगळुरी कौलांचा ढीग पडलेला असतो. शंभर चौरस फुटाला दीडशे कौलं, एक अडीच किलोचं. उतार कमी करून तीस अंशाला घेतलं तरी माझ्या छपराला तीनशे चाळीस लागली असती, साडेआठशे किलो. माणग्याचे वासे फूटभर अंतरावर लावावे लागले असते. माड घरचे आहेत, झावळ्या फुकट, विणायला बायकोला येतं, मला अजून येत नाही, माझं झाप बघून ती नुसती हसते. झाप दोन पावसाळे टिकलं तर नशीब, पण वादळ आलंच तर झापं उडून जाऊ देत, सांगाडा राहतो. ते मला परवडतं.

विजेचं विचारू नका, म्हणजे विचाराच. उघड्या वायरीने सुंभाला बल्ब लोंबकळवलेला मी खूप ठिकाणी बघितलाय, वर सुकं झाप. पाइपातून वायर घ्या, आणि घरच्या बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवा, मग दिवा.

ते तुकडे कुठपर्यंत गेले? पिठाचा तिकडेच ठेवा आता, खिडकीत, वाचनालयाच्या कपाटाजवळ नको, कपाट लाकडी आहे. चांगला माझ्याकडे द्या, उद्या एका रिपेला तो लावायचाय.